काळी दोन

मोटारीत खिडकीजवळची जागा मला मिळाली आणि माझ्या शेजारची एका बाजाच्या पेटीला. पेटीचा मालक तिच्या पलीकडे, बाकाच्या टोकावर अर्धा लोंबकळत बसला होता. मोटार वळली की तो पडायला यायचा, पण पेटीला म्हणून धक्का लावायचा नाही.

"मांडीवर घ्या की ती," मी म्हटलं. "तिचं काय तिकीट काढलंय?"

"काढलंय ना," तो म्हणाला आणि खरंच खिशातून दोन तिकिटं काढून दाखवली. "हिला हादरे सोसत नाहीत. मला सोसतात."

मला हसू आलं, पण मी खिडकीबाहेर बघितलं. एकटीनं प्रवास करायची माझी ती पहिलीच वेळ. परक्या माणसाला हसून दाखवायचं नाही, असं आत्यानं बजावून पाठवलं होतं.

सन अठ्ठेचाळीस. माघ उतरणीला लागलेला, गुरुवारचा दिवस. ठाण्याहून सुटणारी ही मोटार भिवंडी, वाडा करत संस्थानात जायची. कोळशाच्या गॅसवर चालायची बिचारी. चढ आला की ड्रायव्हर मारुती खाली उतरायचा, मागची भट्टी ढवळायचा, आणि आम्ही सगळे धुरात खोकत बसायचो. इंग्रज गेले होते, पण संस्थान अजून राजाचंच होतं. वाड्याच्या पुढे त्याची हद्द लागायची, आणि हद्दीवर नाका.

मी ठाण्याजवळच्या कोपरीची, मिठागरावर वाढलेली. माझी आत्या बायजा धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावते ती धवलारीण. तिच्या गाण्यावाचून हळदसुद्धा लागत नाही. माझी मामेबहीण शालू संस्थानात राहायची, मामा तिथं लाकडाच्या वखारीवर होता. शालूचं लग्न ठरलं आणि नेमकी आत्या मिठागराच्या बांधावरून घसरली. पाय सुजून हंडा झाला.

"सगुणे, तूच जा," आत्या म्हणाली. "समदं धवलं तुला येतान. शुक्रवारची हलद, शनिवारी लगीन, न आयतवारी मागारी ये. सोमवारी हितं दुसरं लगीन हाय. शालूचं जमलं तं पुरं माझ्यासंगं गाशील. नाय जमलं तं हायेच मीठ वढायला."

जमेल असं तिलाही वाटत नव्हतं, मलाही नाही. माझा आवाज जाड. मी दारात बोलले की आत बायका डोक्यावरचा पदर सारखा करायच्या — कोणी पुरुष आला की काय म्हणून!

म्हणून मोटारीच्या घरघरीत, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, मी धवला गुणगुणत होते. पहिला, दुसरा... तिसऱ्याला पेटीच्या पलीकडून आवाज आला —

"काळी दोन."

गुणगुणणं थांबवून मी हळूच मान वळवली. तो माझ्याकडेच बघत होता, डोळे बारीक करून.

"काय म्हणालात?"

"काळी दोन," तो अगदी खुशीत म्हणाला. "पक्की काळी दोन! बायकांत सहसा सापडत नाही."

माझं डोकंच फिरलं. मिठागरावर उन्हात उभं राहिलेल्या पोरीला रंगावरून कोणी काही बोललं की कसं झोंबतं, ते मिठागरावरच्यालाच कळेल.

"मी काली हाय तं तुमचं काय जातंय? न दोन कोन? दुसरी कोन बघितलीत?"

"अहो, तसं नाही... पेटीच्या पट्ट्या असतात ना, काळ्या, पांढऱ्या —"

"पेटीशीच बोला तुमच्या!"

पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळली. ती सखुबाई, सुकी मासळी घेऊन दर आठवड्याला त्या वाटेनं जायची. आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघून ती म्हणाली, "नवं लगीन दिसतंय. भांडा, भांडा. आमी बी भांडायचो."

मी तोंड फिरवून बसले. बाहेर पळस फुलले होते, पण ते बघायची माझी इच्छा मेली होती.

नाक्यावर मोटार थांबली. आडवा बांबू, पत्र्याची खोली, खोलीच्या ओसरीवर टेबल. त्या दिवसांत चोरून तांदूळ नेणारे फार, म्हणून प्रत्येकाला उतरवून नाव, गाव, येण्याचं कारण आणि सोबत कोण, ते लिहून घेत आणि एक चिठ्ठी देत. परत जाताना ती चिठ्ठी नाक्यावर द्यायची. चिठ्ठीवर जितकी माणसं, तितकी बाहेर पडली पाहिजेत. एक कमी नाही, एक जास्त नाही.

टेबलामागे त्र्यंबकराव कारकून होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानावर टाक. माझ्या पुढची बाई एकटी होती. त्यांनी तिला चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "सोबत माणूस नाही? मग माहितीचा कोणी आल्याशिवाय सोडता येणार नाही. तिकडे बसा." ती बाई जाऊन झाडाखाली बसली. तिथं आधीच तीन बायका बसलेल्या होत्या.

शुक्रवारची हळद... आणि मी इथं झाडाखाली?

"हं, पुढे," त्र्यंबकराव म्हणाले. मी पुढे झाले. माझ्या मागे रांगेत पेटी छातीशी धरून तो. त्यांनी चष्म्यावरून आधी मला बघितलं, मग त्याला, मग माझं फुगलेलं तोंड.

"हे सोबत आहेत ना? ह्यांचं नाव सांग."

मी काय सांगणार? मला त्याचं नाव कुठं ठाऊक होतं! मी खाली बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"नाव, बाई, नाव."

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

त्र्यंबकरावांच्या चेहऱ्यावर एकदम समजूत पसरली. "बरोबर आहे! मीही काय विचारतोय. नवऱ्याचं नाव कशी घेईल ती?" ते त्याच्याकडे वळले. "तुम्हीच सांगा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "विश्राम काळुराम. राहणार ठाणे, टेंभी नाका."

"आणि हिचं नाव?"

तो अडला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"का... काळी..." तो म्हणाला. "का... कालिंदी."

"वा! छान नाव," त्र्यंबकराव म्हणाले आणि टाक दौतीत बुडवला.

मोटार सुरू झाल्यावर मी त्याला धरलं. "काय लिवलं त्या कागुदावर? वाचा."

त्यानं चिठ्ठी उघडली आणि घसा साफ केला. "विश्राम काळुराम... आणि पत्नी कालिंदी. येण्याचे कारण, पेटीदुरुस्ती व लग्नकार्य."

"पत्नी?"

"तुम्ही नाव सांगितलं नाहीत... त्यावरून त्यांनी काढलं."

"मना ठावंच नव्हतं!"

"आणि मला तुमचं ठाऊक नव्हतं. म्हणून जे तोंडात होतं ते..." तो ओशाळला. "तुम्हाला झाडाखाली बसवलं असतं. माझ्यानं बघवलं नसतं. फाडून टाकायची का? फाडा. पण मग परत जाताना दोघंही अडकू."

मी चिठ्ठी त्याच्या हातातून ओढली, घडी केली आणि पदराच्या गाठीत बांधली. "माझ्याजवल ऱ्हाईल. आयतवारी सकाली मोटारीवर या. नाय आलात तं ऱ्हावा राजाच्या घरी पेटी वाजवत."

"येईन," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, पेटीकडे बघत — "काळी दोन म्हणजे भरदार आवाज. मी टेंभी नाक्यावर पेट्या दुरुस्त करतो. आताही राजाच्या घरची पेटी बिघडलीय, म्हणून चाललोय. दिवसभर सूर ऐकतो. असा आवाज मी ऐकला नव्हता. एवढंच म्हणायचं होतं."

खिडकीबाहेर आता पळस दिसत होते. सगळीकडे पळसच पळस.

शुक्रवारी दुपारी मामाच्या अंगणात मांडव भरला. शालूला पाटावर बसवलं, हळदीची वाटी पुढे ठेवली आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी सुरुवात केली... आणि कोणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. "आगं, बाप्या गातंय जसा!"

मी घाबरून सूर वर नेला. बारीक, बायकी काढायला गेले. आवाज फाटला. परत काढला, परत फाटला. शालूच्या डोळ्यांत पाणी आलं. हळद तशीच राहिली. मामी म्हणाली, "ऱ्हाऊं दे गो. दुसरी कोन हाय का बघू..."

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून एक सूर आला.

भिंतीपलीकडे शाळा होती. तिथं कोणीतरी पेटीची एकच पट्टी दाबून धरली होती. सूर थांबला, भाता भरला असेल, परत तोच सूर. तिसऱ्यांदा तोच. सूर अगदी खालचा, भरदार, माझ्या छातीतून निघावा तसा.

काळी दोन!

मी डोळे मिटले. घसा सैल सोडला आणि माझा जाड आवाज जसा होता तसा त्या सुरावर ठेवला. तो फाटला नाही. तो मांडवाच्या टोकापर्यंत गेला. हसणाऱ्या बाईनं पदर खाली घेतला. दुसऱ्या धवल्याला बायका माझ्यामागे म्हणायला लागल्या आणि शालूला हळद लागली.

शनिवारी लग्न लागलं तेव्हा भिंतीपलीकडून सूर आला नाही. आता मला त्याची गरज नव्हती... पण मी कान देऊन होते, हे खोटं कशाला सांगू?

रविवारी तो माझ्याआधी मोटारीवर हजर होता.

"शालेत तुमीच व्हतात?" मी विचारलं.

"शाळेची पेटीही बिघडली होती. एक पट्टी तपासत होतो."

"एकच?"

"तीच सारखी बिघडत होती," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

नाक्यापर्यंत आम्ही किती बोललो! मी माझं खरं नाव, गाव सांगितलं. त्याला पेटीतल्या झुरळांच्या गोष्टी ठाऊक, मला मिठागरावरच्या बगळ्यांच्या. सखुबाईनं आम्हाला दोन बोंबील दिले आणि "भांडन मिटलं वाटतं" असं म्हणून घेतलं. पण मधूनच माझ्या मनात यायचं — ह्याची बोली बघ कशी! स्वच्छ, ठाण्याच्या नौपाड्यातल्या वकिलांच्या घरी बोलतात तशी. 'गाडी' म्हणतो, 'काळी' म्हणतो. आपली 'गारी' आणि आपली 'काली'. सगुणे, ह्या वाटेला जाऊ नकोस.

नाक्यावर मी पदराची गाठ सोडली. ती लवकर सुटेना. त्र्यंबकरावांनी चिठ्ठी घेतली, माणसं मोजली, "दोन," म्हणाले, आणि ती तारेच्या आकड्याला खुपसली. संपलं.

विश्राम माझ्याकडे बघत होता. काहीतरी बोलणार होता. आणि मी... त्यानं काही बोलण्याआधी आपणच बोललेलं बरं, म्हणून मोठ्यानं म्हटलं, "सुटले बाई एकदाची!"

त्याचं तोंड मिटलं. ठाण्यापर्यंत पेटी आमच्या मध्ये होती.

त्यानंतर दोन महिने गेले. आत्या मला बरोबर न्यायला लागली. लोक म्हणायला लागले, बायजेची भाची गाते तर अंगणाच्या बाहेर ऐकू येतं. पण मिठाच्या राशीमागे, कोणी नाही असं बघून, मी एक नाव म्हणून बघायची. विश्राम... काळुराम... विश्राम. मग आपलंच तोंड दाबायची. टेंभी नाका काय लांब होता? पण जाऊन काय सांगायचं?

आत्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. एक दिवस तिनं सगळं काढून घेतलं आणि पोट धरून हसली. "तू त्याचं नाव घेतलं नाय, त्यानं तुझं नवीन नाव ठेवलं, न कागुद बी झाला. आगं, मंग लगनाचं ऱ्हायलं काय? हलद!"

वैशाखात मामाच्या वखारीवरच्या मुकादमाच्या घरून बोलावणं आलं. "तीच जाड आवाजाची पोरगी धाडा." गुरुवारी मी मोटारीत चढले. खिडकीजवळची जागा रिकामी होती. तिच्या शेजारी पेटी होती. पेटीच्या पलीकडे, बाकाच्या टोकावर...

"बसा," तो म्हणाला. जागा माझ्यासाठीच ठेवलेली असावी तसं.

"परत राजाची पेटी बिघडली?"

"नाही."

मारुती ड्रायव्हर पुढून ओरडला, "अवो, दर गुरुवारी येतंय ह्यो! दर गुरुवारी दोन तिकिटं! इचारा त्याला, पेटीला झालंय काय!"

मी विचारलं. तो पेटीच्या कडीशी खेळायला लागला.

"पेटीला काही नाही," तो म्हणाला. "पण कोपरीला येऊन मी काय सांगणार होतो? मी कोण म्हणून? नाक्यावर... नाक्यावर निदान मी तुमचा कोण, ते लिहिलेलं होतं." मग अगदी हळू, "म्हटलं, एखाद्या गुरुवारी तुम्ही याल. नाक्यावर उतरू. ते परत विचारतील. तेव्हा तुम्ही सांगा... खरं काय ते. सुटले म्हणालात तर मी पेटी घेऊन घरी जाईन."

माझं काळीज असं वाजायला लागलं की भट्टीचा आवाज ऐकू येईना.

वाडा गेलं. वळण आलं. आणि मोटार थांबलीच नाही.

नाक्याचा बांबू उभा होता, आभाळाकडे तोंड करून. आठ दिवसांत सगळं बदललं होतं; संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं होतं आणि हद्द पुसली गेली होती. मारुतीनं तर वेगच वाढवला. पत्र्याची खोली आली, गेली —

विश्राम ताडकन उठला. त्याचं डोकं टपाला आपटलं. "ए मारुती! गारी थांबव! आरं, गारी थांबव, गारी!"

मोटार करकरत थांबली. सगळे मागे बघायला लागले. मी तर त्याच्याकडे बघतच राहिले.

"गारी?" मी म्हटलं.

तो डोकं चोळत होता. "घाईत निघतंय तोंडातून..."

"तुमी... आमच्यातलं?"

"डोंबिवलीचा. म्हात्रे. बापाची भातशेती हाय." तो गोरामोरा झाला. "टेंभी नाक्यावर पेट्या आनणारी गिऱ्हाईकं हसायची, म्हनून बोली धुतली."

"न मना वाटलं नौपाड्याचं कोन मोठं..." मला हसू येत होतं आणि रडूही.

आम्ही उतरलो. ओसरीवर त्र्यंबकराव नोंदवह्या लाल फडक्यात बांधत होते. आम्हाला बघून त्यांनी चष्मा वर सरकवला.

"आता कसली चिठ्ठी? हद्दच राहिली नाही. कुठूनही या, कुठंही जा."

"एक लिहा, रावसाहेब," विश्राम म्हणाला. "शेवटची."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काय वाटलं कोण जाणे, बांधलेलं फडकं सोडलं, एक कोरी चिठ्ठी काढली, टाक बुडवला. मग मुद्दाम माझ्याकडे वळून म्हणाले, "हं बाई. हे सोबत आहेत ना? ह्यांचं नाव सांग."

नाव माझ्या ओठांवर होतं. दोन महिने मिठाच्या राशींना ऐकवलेलं. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. खाली बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नाव, बाई?"

मोटारीच्या खिडक्यांतून डोकीच डोकी. सखुबाई ओरडली, "सांग गो! का अजून बी ठावं नाय?"

मी मान हलवली. ठाऊक होतं. म्हणूनच तर...

त्र्यंबकराव हसले. "राहू दे. कळलं मला." त्यांनी लिहिलं, मग विश्रामला विचारलं, "आणि हिचं नाव?"

"सगुणा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"कालिंदी लिवा," मी म्हटलं.

माझा जाड आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत गेला असावा, कारण सगळी मोटार टाळ्या पिटायला लागली.

ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. मला अक्षरं फार उशिरा आली, नातवंडं पाटी घेऊन बसायला लागली तेव्हा. ती आल्यावर पहिल्यांदा मी हीच वाचली. येण्याचे कारण, ह्या ओळीपुढे त्र्यंबकरावांनी कोणाला न विचारताच लिहून ठेवलं होतं — लग्न. पण त्या दिवशी मला ते कुठलं कळायला! मी तिची घडी केली, पदराला गाठ मारली आणि मोटारीत चढले.

विश्रामनं पेटी उचलून मांडीवर घेतली आणि माझ्या शेजारी सरकून बसला.

"तिला हादरे सोसत नायत ना?" मी म्हटलं.

"सोसतात की."

"मंग दर गुरुवारी तिचं तिकीट कशाला?"

"तिचं नव्हतं ते," तो म्हणाला. "पेटी नुसती जागा धरून बसायची."